कैरोबाहेर राहणाऱ्यांनी

शेफने मोलोखियावर झाकण ठेवले तेव्हा इन्शिराहने एकदाच त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा अंजीर चिरायला घेतले.

मोलोखिया झाकायची नसते आणि तिला उकळी फुटू द्यायची नसते. अलेक्झांड्रियाच्या बहरी वस्तीतल्या कुठल्याही बाईला हे माहीत असते. बाईलाच काय, तिच्या नवऱ्यालाही. बारीक चिरलेला हिरवा पाला रश्श्यात तरंगत राहिला पाहिजे. उकळी फुटली की तो तळाला बसतो आणि वर हिरवट पाणी उरते. मग ती मोलोखिया 'पडली' असे म्हणतात. घरात पडली तर बाई ती मुकाट्याने वाढते, मुकाट्याने खाते आणि शेजारणीला कळू देत नाही. हा गृहस्थ चार मोठी पातेली एकाच वेळी पाडत होता. तीनशे माणसांसाठी, आणि तेही कॅमेऱ्यासमोर.

त्याचे नाव शेरीफ. काळ्या एप्रनवर ते सोनेरी धाग्याने भरलेले होते, म्हणजे विसरायची सोय नव्हती. सकाळी तो कैरोहून दोन गाड्या भरून सामान घेऊन आला होता. एका गाडीत गोठवलेल्या मोलोखियाची पाकिटे होती, विटांसारखी रचलेली. रमजानच्या पहिल्या दिवशी समुद्राकाठच्या या गल्लीत बर्फातला पाला आलेला इन्शिराहने आजवर पाहिला नव्हता. तिच्या घरी दोन मुठींची, चंद्रकोरीसारखी वाकलेली सुरी होती. त्या सुरीने ती ताजा पाला इतका बारीक करायची की बोटाला लागला तर पुसूनच काढावा लागे. ती सुरी आज भिंतीला टांगलेली राहिली होती.

"श्वास घेतला नाही गं त्याने," तफीदा कुजबुजली. तफीदा तिची शेजारीण, तांदूळ धुणारी आणि गल्लीतल्या कुठल्याही गोष्टीवर मत असणारी. "मी बघत होते. लसूण ओतला आणि हूं नाही का चूं नाही. मेल्यासारखा उभा."

तुपात परतलेला लसूण आणि धणे मोलोखियात चर्रकन ओतताना करणारी बाई दचकल्यासारखा मोठा श्वास आत ओढते. तिची आई ओढायची, आजीही ओढायची. का, ते कुणी सांगू शकत नाही. इन्शिराहने एकतीस वर्षे सरकारी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम केले होते. तिचा विश्वास वजनावर, वेळेवर आणि आचेवर होता. एकदा तिने मुद्दाम दोन पातेली करून पाहिली होती, एक श्वास घेऊन आणि एक न घेता. खाणाऱ्या बारा जणांपैकी एकालाही फरक ओळखता आला नाही. तरी ती आजतागायत श्वास घेत आली. एखाद्या गोष्टीचे कारण आपल्याला सापडले नाही म्हणून ते नाहीच, असे मानणारी माणसे तिला फारशी आवडत नसत.

"त्याच्या त्या एप्रनमध्ये श्वास घ्यायला जागा कुठे आहे," ती म्हणाली.

तिच्या वाट्याला आज फक्त खुशाफ आला होता. सुके जर्दाळू, अंजीर, आलुबुखार, मनुका आणि खजूर, जर्दाळूच्या पोळीच्या पातळ सरबतात पहाटेपासून भिजत घातलेले. अंजीर मात्र ती शेवटी घालायची आणि प्रत्येक मधून चिरून, उजेडाकडे धरून, आत अळी नाही ना ते पाहूनच. तीनशे माणसे म्हणजे सहाशे अर्धे. अजान झाली की पहिला घास खजुराचा आणि दुसरा खुशाफचा, म्हणून आजच्या इफ्तारचा खर्च करणाऱ्या ममदूह शल्कामीने मोठ्या मनाने सांगितले होते, "सुरुवात तर मावशींच्याच हातची हवी." बाकी सगळे शेफ करणार होता.

शेफ तिच्या पातेल्याशी आला. "हाज्जा, वाढताना प्रत्येक वाटीवर एक पुदिन्याचं पान ठेवूया का? दिसायला छान दिसतं."

"कशाला? पंगतीत बकरी बसणार आहे का?"

तफीदाने तोंडाला ओढणी लावली. शेफही हसला. बिचाऱ्याला राग येत नव्हता, हेच इन्शिराहला जड जात होते. निदान त्याने उर्मटपणा केला असता तर तिरस्कार करणे सोपे गेले असते.

"आणि मी हाज्जा नाही," ती म्हणाली. "हजला गेलेली नाही अजून. फुकटची पदवी नको."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. झाकण काढ."

पण त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो पळाला. झाकणे तशीच राहिली.

अंगण रईस इद्रीसचे होते. रईस म्हणजे बोटीचा तांडेल. म्हातारा आता समुद्रावर जात नसे, पण अंगणाच्या एका बाजूला त्याची जाळी अजून वाळत पडलेली असत. एकोणीस रमजान या अंगणात गल्लीचे ताट मांडले गेले. कुणाच्या घरचा तांदूळ, कुणाच्या घरच्या कोंबड्या. बोटींना चांगला दिवस गेला तर कोळंबी, आणि मग मोलोखियात कोळंबी पडायची. कैरोची माणसे हे ऐकून नाक मुरडतात. मुरडोत. रस्त्याने जाणारा कुणीही येऊन बसे, ट्रामचा वाहक असो की तुरुंगातून सुटलेला असो, आणि कुणाच्या घरचे खातोय हे त्याला कळत नसे, कारण ते कुणा एकाच्या घरचे नसेच. गल्ली जेवू घालायची आणि गल्लीच जेवायची. चूल इन्शिराहची.

आज चुलीच्या जागी गॅसच्या लोखंडी शेगड्या होत्या, आणि भिंतीवर शल्कामीचे चित्र, दोन माणसे उंच. चित्रात तो हात छातीवर ठेवून हसत होता. खाली लिहिले होते: तुमच्या गल्लीचा मुलगा.

शल्कामीने रईसपुढे एक प्रस्ताव ठेवला होता. या अंगणात तो वडिलांच्या नावाने पक्की, छप्पर घातलेली इफ्तारशाळा बांधून देणार. दरवर्षी महिनाभराचा स्वयंपाक त्याच्याकडून, त्याच्या माणसांकडून. गल्लीने फक्त यायचे आणि बसायचे. निवडणूक चार महिन्यांवर होती, हे तो बोलत नव्हता. ते चित्रच बोलत होते. आज इफ्तार आणि नमाज झाल्यावर रईस आणि तो हातात हात घेऊन कुराणाचा पहिला अध्याय, फातिहा, वाचणार होते. फातिहा वाचली की शब्द पक्का. मग कागद नंतर झाला काय नि न झाला काय. उद्यापासून इन्शिराहने घरी बसायचे आणि अजान झाली की वाटी घेऊन रांगेत यायचे.

"तू रईसला काही बोलली का नाहीस?" तफीदाने पाचव्यांदा विचारले.

"काय बोलू? छप्पर नको म्हणू? पाऊस पडला की तूच पहिली पळतेस घरात."

"तसं नाही गं…"

"त्याला कळत असेल तर माझ्या बोलण्याची गरज नाही. कळत नसेल तर उपयोग नाही. अंजीर दे इकडे."

सकाळी एकदा येऊन गेलेला शल्कामी साडेपाचला पुन्हा आला. पांढरी गाडी गल्लीत शिरेना, म्हणून ती तोंडाशीच उभी करून तो चालत आला, आणि चालत आल्याचे कौतुक वाटावे अशा बेताने आला. सोबत कैरोचे चार पाहुणे आणि एक कॅमेरावाला. त्याचे वडील याच अंगणात जाळी विणत बसायचे; गरीब, अबोल माणूस. आई मात्र बोलकी होती. तिने एकदा इन्शिराहची चंद्रकोरी सुरी दोन दिवसांसाठी नेली होती, आणि पुढे इन्शिराहला नवी करून घ्यावी लागली होती. ममदूह वीस वर्षांचा असताना कैरोला गेला. त्यालाही आता सव्वीस वर्षे झाली. तिकडे त्याने इमारती बांधल्या. त्यांतली एक वाकडी आहे असे लोक म्हणत, पण इन्शिराहने ती पाहिली नव्हती, म्हणून तिने ते कधी कुणाला सांगितले नाही. तिला त्याच्या इमारतीची गरज नव्हती. त्याच्या तोंडात आज सकाळपासून आलेला 'आम्ही' तिला पुरेसा होता.

अलेक्झांड्रियाचा माणूस स्वतःला 'आम्ही' म्हणतो. 'आम्ही जातो', 'आम्ही खातो', एकटा असला तरी. बाकीचा देश या गोष्टीवर हसतो. कैरोत गेलेली पोरे ही सवय पहिल्या महिन्यात टाकून देतात, चेष्टा नको म्हणून. शल्कामीने ती सव्वीस वर्षांपूर्वी टाकली होती आणि आज मतांसाठी पुन्हा उचलली होती. पण इतक्या वर्षांनी ती त्याच्या तोंडात बसेना.

"भावांनो, आम्ही परके नाही," त्याने माईकवरून सुरू केले. "आम्ही… मी याच गल्लीचा मुलगा आहे. या समुद्राचं मीठ माझ्या रक्तात आहे."

"रक्तदाब तपासून घे म्हणावं," तफीदा म्हणाली.

माणसे येऊन बसू लागली होती. लांब टेबलांवर प्लास्टिकचे कापड, प्रत्येकापुढे झाकलेला भात, कोंबडीचा तुकडा, लोणच्याची पुडी. टोकाला काचेच्या छोट्या पेल्यांत कुनाफा ही शेवयांची मिठाई, वर आंब्याचे तुकडे आणि कसलेतरी चॉकलेट ओतलेले. कुनाफ्याच्या शेवया सकाळपासून ओल्या आंब्याखाली बसून लापशी झाल्या होत्या. गल्लीच्या टोकाचा न्हावी शहाताकाका आपल्या पेल्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"इन्शिराह, हे काय आहे? औषध आहे का?"

"कुनाफा आहे, काका."

"कुणी मारला त्याला?"

"कैरोहून मेलेलाच आलाय."

शेफ एकेका पातेल्याचे झाकण काढून डाव फिरवू लागला. इन्शिराहने लांबूनच पाहिले. डाव वर आला की हिरवे, थांबला की पुन्हा पाणी. शेफच्या कपाळाला आठी पडली. त्याने आच वाढवली. इन्शिराहने डोळे मिटून घेतले. काही चुका बघवत नाहीत.

मग शल्कामीच्या माणसांनी भिंतीवर मोठा पडदा लावला. पडद्यावर टीव्ही सुरू झाला: जाहिराती, मग कुराणपठण, मग कैरोचा किल्ला आणि किल्ल्यावरची तोफ. कर्णे इतके मोठे होते की जाळ्यांवर बसलेले कबुतर उडून गेले. शल्कामीला सगळे एकदम हवे होते. तोफ सुटते, अजान होते, तो पहिला खजूर तोंडात घालतो आणि त्याच्यामागे गल्ली. कॅमेरावाल्याने दोनदा जागा बदलून बघितली. हे सगळे फोनवरून थेट दाखवले जाणार होते.

इन्शिराहने पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली आणि डावातला खुशाफ परत पातेल्यात सोडला.

"तफीदा," ती हळूच म्हणाली. "हा कैरोचा टीव्ही आहे."

"मग? कुठला असणार?"

"तो कैरोच्या अजानीवर रोजा सोडणार आहे."

तफीदाच्या चेहऱ्यावर जे हसू पसरले ते पाहून इन्शिराहला लहानपणीची ती आठवली. "सोडू दे," तफीदा म्हणाली. "अल्लाची शपथ, एक शब्द बोलू नकोस. मी तुझे सगळे अंजीर चिरते, पण बोलू नकोस."

सूर्य कैरोत आधी मावळतो आणि इथे पाच मिनिटांनी. यात अक्कल लागत नाही. पश्चिमेला असलेल्या गावात तो नंतर मावळणारच. बहरीतले शेंबडे पोरही टीव्हीवर अजान झाली की घास हातात धरून बसते आणि आपल्या मशिदीची वाट पाहते. कुणी शिकवत नाही. मांजराला कपाटावरून उडी मारायला जसे कुणी शिकवत नाही तसे.

बोलली नाही तर काय होईल, ते इन्शिराहला पातेल्याच्या तळासारखे स्वच्छ दिसत होते. तिला काही करायचेच नव्हते. नुसते उभे राहायचे होते. इतका स्वस्त विजय तिला आयुष्यात कधी कुणी देऊ केला नव्हता.

"रोजा आहे तफीदा," ती म्हणाली. "त्याचा असला तरी रोजाच आहे."

तिने एका वाटीत तीन खजूर घेतले, कारण शल्कामीने तेवढे मागितले होते, आणि ती त्याच्या टेबलाशी गेली. तो रईस इद्रीसच्या शेजारी बसला होता. रईस डोळे मिटून तसबीहचे मणी ओढत होता.

"ममदूह," ती म्हणाली, "हे घे. पण अजून वेळ आहे."

"दोन मिनिटं, मावशी."

"दोन नाही, सात."

तो हसला, आणि कॅमेरा आपल्याकडे आहे हे बघून जरा मोठ्याने हसला. "ऐकलंत? आमच्या मावशी अजून वाळूच्या घड्याळावर चालतात! मावशी, पडद्यावर बघा. सगळा देश बघतोय."

"देश बघू दे. तू वर बघ." तिने गल्लीच्या मशिदीकडे बोट केले. "मिनाराच्या टोकावर ऊन आहे अजून."

कैरोचा एक पाहुणा दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारी गोड आहे."

शल्कामीने मिनाराकडे पाहिले नाही. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, चित्रात छातीवर ठेवला होता तसाच. "मावशी, तुम्ही आता दमलात. एकोणीस वर्षं खूप केलंत. उद्यापासून तुम्ही फक्त बसायचं आणि आम्ही… मी तुम्हाला वाढणार. जा, बसा."

इन्शिराहने खांदा काढून घेतला आणि ती जागेवर परत आली. दोनदा सांगून झाले होते. इस्पितळात ती औषधाच्या पथ्याचे जेवण घेऊन जायची तेव्हाही दोनदाच सांगायची. तिसऱ्यांदा सांगितले की रोग्याला वाटते आपल्याला निवड आहे.

पडद्यावर तोफ दिसली. एक आवाज मोठ्याने ओरडला, "इफ्तारची तोफ, सोड!" धूर निघाला. अंगण हादरले. पाठोपाठ अजान सुरू झाली, सुरेल, कैरोची.

"बिस्मिल्ला!" शल्कामी माईकवर म्हणाला आणि त्याने खजूर तोंडात घातला.

चार पाहुण्यांनीही घातला. शेरीफ सकाळपासून गॅसच्या चार शेगड्यांमध्ये उभा होता; त्याने पाण्याचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. कॅमेरा शल्कामीच्या चावणाऱ्या जबड्यावरून हळूहळू टेबलांकडे वळला, गल्ली कशी जेवू लागली ते दाखवायला.

गल्ली जेवत नव्हती.

तीनशे माणसे हात मांडीवर ठेवून बसली होती. पुढे वाट्या होत्या, खजूर होते, लाल सरबताचे पेले होते. कुणी कशाला हात लावला नव्हता. सगळे शल्कामीकडे बघत होते. कुणी हसत नव्हते. हसले असते तर त्याला बरे वाटले असते.

पडद्यावरची अजान संपली आणि निवेदक नेहमीच्या शांत आवाजात म्हणाला, "ही कैरोच्या स्थानिक वेळेनुसार झालेली अजान होती. कैरोबाहेर राहणाऱ्यांनी आपापल्या वेळेतला फरक ध्यानात घ्यावा."

हे वाक्य या देशातल्या प्रत्येकाने जन्मापासून ऐकलेले असते. कैरोच्या माणसाने मात्र ते खऱ्या अर्थाने कधीच ऐकलेले नसते, कारण ते येते तेव्हा त्याचे तोंड भरलेले असते. बाहेर राहणाऱ्यांचा हात त्या वाक्याने मांडीवर थांबतो. शल्कामी सव्वीस वर्षे ते भरल्या तोंडाने ऐकत आला होता. आज त्याने चावणे थांबवले. खजूर अर्धा गिळलेला, अर्धा गालात. थुंकावा तर कॅमेरा, गिळावा तर तीनशे माणसे.

त्याने गिळला.

"तो बंद कर," रईस इद्रीस डोळे न उघडता म्हणाला. कुणीतरी पडदा बंद केला. मग जे उरले ते पाच मिनिटांचे होते. पाच मिनिटे हा अंडे उकडायलाही अपुरा वेळ आहे, पण ज्याच्याकडे सगळे बघत असतात त्याला तो फार मोठा असतो. शल्कामीने घड्याळ बघितले. मग मिनार बघितला. टोकावर ऊन होते, पिवळे, बोटभर. एका पाहुण्याने तोंड पुसले. दुसऱ्याने दुसरा खजूर उचलला होता, तो हळूच वाटीत ठेवला. पण बी काढून झाली होती, त्यामुळे तो ठेवल्यासारखा दिसेना. कॅमेरावाल्याला कुणी थांब म्हटले नव्हते, म्हणून तो दाखवत राहिला.

शेरीफ रिकामा पेला हातात घेऊन इन्शिराहपाशी आला. त्याचा चेहरा पडला होता, त्याच्या मोलोखियासारखाच. "मी प्यायलो," तो म्हणाला. "सगळं प्यायलो. मला खरंच वाटलं की…"

"तू सकाळी निघालास कैरोहून. प्रवासी आहेस. प्रवाशाला सवलत आहे, नंतर एक दिवस भरून दे. रडू नकोस आता, पातेल्यात पडेल."

मिनाराच्या टोकावरचे ऊन निवले. गल्लीच्या मशिदीतला मुअज्जिन खाकरला. त्याचा कर्णा जुना होता आणि 'अल्लाहु' नंतर नेहमी एक खरखर यायची, तीही आली. तीनशे हात एकदम हलले. खजूर, पाणी, मग इन्शिराहचा खुशाफ. चमचे वाट्यांना लागण्याचा आवाज अंगणभर झाला, आणि तो आवाज ऐकत ती उभी राहिली, स्वतः एक खजूर तोंडात धरून, न चावता. खजूर गोड होता. हे दरवर्षी तिला नव्याने कळायचे.

नमाज झाली. माणसे परत येऊन बसली आणि भात उघडला गेला. मोलोखिया वाढली गेली. लोकांनी ती खाल्ली, अन्न आहे म्हणून. कुणी तिच्याविषयी काही बोलले नाही, आणि मोलोखियाविषयी न बोलणे यापेक्षा वाईट त्या गल्लीत काही बोलता येत नाही.

शल्कामी रईससमोर येऊन बसला. घाम पुसून झाला होता, हसू परत लावून झाले होते. कैरोत माणसे असल्या गोष्टीतून लवकर सावरतात. त्याने उजवा हात पुढे केला. "रईस, आता फातिहा वाचूया."

रईसने हात पुढे केला नाही. तो भाकरीने ताट पुसत होता.

"थांब," तो म्हणाला. "धर्माचा एक मसला आहे. आधी तो सुटू दे. तू वेळेआधी रोजा सोडलास."

"चूक झाली, रईस. त्या पडद्यामुळे…"

"चूक होते. मी विचारतोय ते वेगळं. तू प्रवासी असशील तर तुला सवलत आहे. आज रोजा नसता धरलास तरी चाललं असतं, लाज वाटायचं काही कारण नाही. पण गल्लीतला असशील तर सवलत नाही. मग आपल्या मिनाराकडे न बघता परक्या गावच्या तोफेवर रोजा मोडलास, असं होतं." त्याने भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि नीट चावून गिळला. "मला धर्मातलं फार कळत नाही. शेखांना विचारलं पाहिजे. पण ते पहिलं हेच विचारतील. कोण आहेस तू?"

आजूबाजूची चमच्यांची हालचाल थांबली होती. कॅमेरावाला चार पावले जवळ आला. भिंतीवरचे चित्र हसत होते.

शल्कामीने चित्राकडे पाहिले, मग फोनकडे, मग आपल्या पाहुण्यांकडे. धर्माचा अपराधी व्हावे की गल्लीचा मुलगा नसावे, हे ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही. फोनवर बघणारे देशभर होते, आणि त्यांच्यासमोर रोजा मोडणारा म्हणून दिसणे महागात पडले असते.

"मी," तो म्हणाला, "आज सकाळीच आलो, रईस. कैरोहून. प्रवासातच आहे म्हणायचं."

'आम्ही' या वेळी त्याच्या तोंडी आले नाही. इन्शिराहच्या ते ध्यानात आले, तसेच बहुधा सगळ्यांच्याच.

"बरं झालं," रईस म्हणाला. "गुन्हा नाही. मग तू पाहुणा आहेस. पाहुण्याला आम्ही जेवू घालतो. पाहुण्याने आम्हाला आमच्याच अंगणात जेवू घालायचं, हे काही आम्हाला जमणार नाही. शेगड्या उद्या सकाळी उचलून ने. चित्रसुद्धा ने, भिंतीला हवा लागू दे." मग त्याने मान वळवली. "इन्शिराह, पाहुण्याला काही वाढलंस का?"

"नाही अजून."

"मग वाढ की."

ती पातेल्याशी गेली. तळाशी चार-पाच वाट्यांपुरता खुशाफ होता. तिने एक वाटी भरली. दोन जर्दाळू, दोन अर्धे अंजीर, मनुका, वर सरबत. इतरांना दिले होते तेवढेच. माप चुकवणे तिला कधी जमले नव्हते, आवडत्या माणसासाठी नाही आणि नावडत्यासाठीही नाही. तिने ती शल्कामीपुढे ठेवली.

"खा," ती म्हणाली. "आता वेळ झाली."

परत येताना तफीदाने तिची बाही धरली. तफीदाच्या डोळ्यांतून पाणी येत होते. "कैरोहून येणाऱ्यांनी," ती निवेदकाच्या शांत आवाजात म्हणू लागली, "आपापल्या वेळेतला…" आणि पुढचे तिला म्हणता येईना.

"पुरे," इन्शिराह म्हणाली. "उद्याला वीस किलो पाला लागेल. ताजा. सकाळी लवकर मंडईत जा, नाहीतर दांडे घेऊन येशील."

शेरीफ पातेल्यांपाशी एकटाच उभा होता. चारही पातेली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. डाव फिरवत तो तळाशी बसलेल्या पाल्याकडे बघत होता, कुणाचा तरी बुडालेला सदरा दिसावा तसे. इन्शिराह शेजारून गेली तेव्हा त्याने मान वर केली.

"मावशी, ही पडली का?"

"पडली."

"कशामुळे?"

तिने जमिनीवर पडलेले एक झाकण उचलून त्याच्या हातात दिले, आणि ती अंगणाच्या कोपऱ्यात आपली चूल कुठे सरकवून ठेवली आहे ते बघायला गेली.